खाडीकाठचं तिवर ओळखताना: कुल, जाती आणि त्यांचा पसारा

ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत, आणि ठाण्याच्या बाजूला कोपरी-कळव्यापासून मुंब्र्यापर्यंत, खाडीच्या कडेनं जी हिरवी पट्टी दिसते तिला आपण सरसकट खारफुटी म्हणून मोकळे होतो. या पट्टीतली बहुसंख्य झाडं एकाच प्रजातीची आहेत. ती म्हणजे तिवर, शास्त्रीय नाव ॲव्हिसेनिया. मात्र वहीत नुसतं 'तिवर' लिहिलं तर नोंद अर्धवट राहते. ठाणे खाडीच्या परिसरातून या प्रजातीच्या तीन जातींची नोंद आहे. तिघींना मानवणारं पाणी वेगळं, जगातला पसारा वेगळा, आणि पानं मात्र फसवी. पानावरून जात ठरवण्याची घाई ही इथली सगळ्यांत मोठी चूक. म्हणून खालचा क्रम फळापासून सुरू होतो आणि पानावर संपतो.

पुढे 'प्रजाती' म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द, 'जाती' म्हणजे दोन्ही शब्द मिळून होणारं नाव, आणि 'कुल' म्हणजे अनेक प्रजातींचं वरचं घराणं, असं धरून चाला.

वेळ कशी निवडायची

मुळं आणि खोडाचा तळ दिसल्याशिवाय ओळख पुरी होत नाही, म्हणजे ओहोटीच हवी. भरती-ओहोटीचं तयार वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, पण किनाऱ्यावरचा जुना हिशेबही कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण, म्हणजे ३ वाजता भरती आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या सुमारास ओहोटी. दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरायचा, आणि खाडीच्या आत ठाण्याच्या टोकाकडे पाणी आणखी उशिरा पोचतं हेही लक्षात ठेवायचं.

पाहणीसाठी चतुर्थी-पंचमी चांगली. सकाळी नऊ-दहाला पाणी उतरलेलं असतं आणि ऊन फोटोसाठी ठीक असतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, शिवाय भांगाची असते, म्हणजे पाणी फारसं उतरतच नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी खूप खाली जातं, पण तेव्हा ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पडते. ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळलं की निघा.

बरोबर १० पट दाखवणारं भिंग, १५ सेंटिमीटरची पट्टी, पेन्सिल आणि वही. पेन दमट हवेत पसरतं. गमबूट घालून चिखलात उतरू नका. खाडीचा गाळ गुडघ्याच्या वर ओढतो, बूट तिथेच राहतो, आणि पायाखाली मोडतात ती झाडाची श्वास घेणारी मुळं. बांधावरून, जेट्टीवरून किंवा आखलेल्या पायवाटेवरून जेवढं दिसतं तेवढं ओळखीला पुरेसं असतं. ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र हे सुरुवातीसाठी सगळ्यांत सोयीचं ठिकाण. वाशीचा सागर विहार आणि नेरुळ-सीवूड्सकडचे बांधही चालतात.

आणखी एक: काहीही तोडायचं नाही. कांदळवनं, म्हणजे खारफुटीची जंगलं, किनारी नियमन क्षेत्राच्या सगळ्यांत कडक वर्गात येतात. शिवाय खाडीचा बराच भाग २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. खाली पडलेलं फळ पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा आणि तिथेच सोडा, ते रुजायला आलेलं असतं.

आधी प्रजाती पक्की करा

चार खुणा बघायच्या. चारही जुळल्या तरच तिवर.

पहिली, श्वसनमुळं, म्हणजे श्वास घेणारी मुळं. झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी बारीक, सरळ, १० ते ३० सेंटिमीटर उंचीची मुळं शेकड्यानं वर आलेली दिसतात. नीट पाहिलं तर ती रांगेत असतात, कारण खाली एक आडवं मूळ खोडापासून दूर धावत असतं आणि त्याच्यावरूनच ती फुटतात.

दुसरी, पानं समोरासमोर जोडीनं, कडा अखंड, वरून हिरवी आणि खालून फिकी. ही फिक्कट झाक बारीक केसांच्या थरामुळे येते.

तिसरी, पेरं. पानांची जोडी जिथे फुटते तिथे कोवळी फांदी किंचित फुगलेली आणि सांधा असल्यासारखी दिसते. ही खूण बहुतेक जण पाहतच नाहीत, पण पुढे वर्गीकरणात तिचं महत्त्व आहे.

चौथी, फूल आणि फळ. फूल लहान, पिवळं-नारिंगी, चार पाकळ्यांचं, चार पुंकेसरांचं. फळ चपटं, एकच बी असलेलं. आत दोन जाड बीजपत्रं एकमेकांत दुमडून बसलेली असतात. बी झाडावर असतानाच अंकुरलेलं असतं, फक्त अंकुर फळाबाहेर डोकावत नाही.

उन्हाळ्यात सकाळी पानावर मिठाचे बारीक कण दिसतात. तिवर जास्तीचं मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. भिंगातून बघा, चाटून बघू नका, या खाडीत सांडपाणी येतं. पावसात मीठ धुऊन जातं, तेव्हा ते दिसलं नाही म्हणून झाड बाद करू नका. आणि दिसलं म्हणून लगेच मान्यही करू नका, कारण काजळा या दुसऱ्या खारफुटी झाडाच्या पानांवरही मीठ येतं.

गफलत होते ती मुख्यतः चिप्पीशी, म्हणजे सोनेरेशियाशी. चिप्पीची मुळंही वर येतात, पण ती जाड, बुंध्याला रुंद आणि टोकाला निमुळती, उंचीलाही जास्त. इथे आढळणाऱ्या सोनेरेशिया ॲपेटालाच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात आणि फळ गोल, खाली देठाशी चार हिरवी निदलं चिकटलेलं. काजळ्याची पानं एकाआड एक असतात आणि फळ शिंगासारखं वळलेलं. कांदळाला खोडापासून खाली झेपावणारी आधारमुळं असतात, ती लांबूनच कळतात. गेव्याची पानंही एकाआड एक, आणि पान तुटल्यास पांढरा चीक येतो. तो चीक डोळ्यांना घातक आहे, त्यामुळे झाड ओळखीचं नसेल तर फांदीला हातच लावू नका.

कुलाचं नाव: पाट्या वेगवेगळं का सांगतात

एखाद्या उद्यानातल्या पाटीवर तिवराचं कुल व्हर्बेनेसी दिसतं, जुन्या अहवालात ॲव्हिसेनिएसी, नव्या यादीत ॲकँथेसी. तिन्ही नावं आपापल्या काळात प्रचलित होती, आज नोंदीत लिहायचं ते ॲकँथेसी.

प्रजातीचं नाव लिनियसनं १७५३ मध्ये दिलं, इब्न सिना या वैद्याच्या स्मरणार्थ, ज्याला युरोपात अव्हिसेना म्हणत. दीर्घकाळ ही प्रजाती व्हर्बेनेसीमध्ये, म्हणजे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे सागाच्या घराण्यात होती. पण श्वसनमुळं, झाडावरच अंकुरणारं बी आणि खोडाची चमत्कारिक रचना पाहून अनेकांनी तिला स्वतंत्र कुल दिलं: ॲव्हिसेनिएसी. या खोडात वाढीची वलयं वर्षाला एक अशी पडत नाहीत, त्यामुळे वलयं मोजून तिवराचं वय काढता येत नाही. २००२ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून दिसलं की ही प्रजाती ॲकँथेसीच्या आतच बसते, आणि तिचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक थनबर्जियाच्या गटातले वेल आहेत.

म्हणजे तिवर आज अडुळसा, कोरांटी आणि येऊरच्या डोंगरावरच्या कारवीच्या घराण्यात आहे. हे पटायला कठीण वाटलं तर तिसऱ्या खुणेकडे परत जा: अडुळशाच्या फांदीवरची फुगीर पेरं आणि तिवराची पेरं शेजारी ठेवून बघा. फुलाखालीही एक सहपत्र आणि दोन छोटी उपसहपत्रं, म्हणजे बारीक पानांसारखे भाग, असतात, भिंगातून ती सहज दिसतात. खाडीतच वाढणारी काटेरी पानांची, निळ्या फुलांची मरांडीही याच कुलातली. पण ती दुसऱ्या उपकुलात आहे, म्हणजे खाऱ्या चिखलात उतरण्याची वाट या दोघींनी स्वतंत्रपणे शोधली.

चिप्पीचं घराणं अगदी वेगळं. ती लिथ्रेसीमध्ये, मेंदी आणि ताम्हणाच्या घरात. महाराष्ट्रानं २०२० मध्ये सोनेरेशिया आल्बा, म्हणजे पांढरी चिप्पी, हिला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. ताम्हण आपलं राज्यफूल आहेच. दोन्ही मान एकाच कुलाकडे गेलेत, ही गोष्ट खाडीकाठच्या माहितीफलकांवर यायला हवी.

मग जाती: फळ, फुलोरा, साल, पान, याच क्रमानं

ॲव्हिसेनिया मरीना. आपल्या खाडीत सगळीकडे हीच जास्त. फळ गोलसर, दीड ते अडीच सेंटिमीटर, राखाडी-हिरवं, टोकाला चोच जेमतेम किंवा नाहीच. फुलं गुच्छात, दाटीवाटीनं, प्रत्येक फूल अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. साल फिकट, हिरवट-राखाडी, पातळ पापुद्रे सुटणारी. पापुद्रा निघाला की खाली वेगळ्या छटेचा डाग दिसतो, त्यामुळे खोड ठिपकेदार वाटतं. पान लांबट, टोकाला बऱ्यापैकी निमुळतं, खालून पांढुरकं.

ॲव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस. फळ बदामी आकाराचं, मोठं, अडीच-तीन सेंटिमीटर, पृष्ठभाग मखमली आणि सुरकुतलेला. तिघींत फूल हिचं सगळ्यांत मोठं, एक सेंटिमीटरच्या पुढे, पिवळं-नारिंगी, आणि चारपैकी एक पाकळी इतरांपेक्षा रुंद. वास उग्र, काहीसा खवट. साल गडद राखाडी-तपकिरी, पापुद्रे सुटत नाहीत. पानाचं टोक गोल, वरची बाजू गडद आणि चकचकीत, खालची पिवळट छटेची.

ॲव्हिसेनिया आल्बा. फळ पाहिलं की शंका उरत नाही: लांबट, निमुळतं, टोकाला स्पष्ट चोच, मिरचीसारखं, अडीच ते चार सेंटिमीटर. फुलोरा लांब, त्यावर फुलांच्या जोड्या अंतर ठेवून बसलेल्या, आणि फूल तिघींत सगळ्यांत लहान, ३-४ मिलिमीटर. साल काळपट, गुळगुळीत. पान अरुंद, टोकदार, खालून चंदेरी-पांढरं.

मरीना आणि आल्बा यांची पानं एकमेकींत इतकी मिसळतात की फक्त पानाच्या फोटोवरून त्यांचा निवाडा करणं चूक आहे. फळ-फूल नसेल तर साल बघा: पापुद्रे असतील तर मरीना, काळपट गुळगुळीत असेल तर आल्बाची शक्यता. खोड खूप बारीक असेल तर सालही बोलत नाही. अशा वेळी 'ॲव्हिसेनिया, जात अनिश्चित' असं लिहिणं हीच बरोबर नोंद. काही याद्यांमध्ये मरीनाचा 'अक्युटिसिमा' असा टोकदार पानांचा वाण दिसतो. नवशिक्यांनी वाणाच्या वाटेला जाऊ नये, जातीपर्यंत पोचलं तरी पुष्कळ.

पसारा: नकाशा हाताशी असला की निम्म्या चुका टळतात

जगभरात या प्रजातीच्या आठच्या आसपास जाती मानल्या जातात, आणि त्यांचे दोन सरळ गट पडतात. पूर्वेकडच्या गटात, म्हणजे हिंद महासागर आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये, मरीना, ऑफिसिनॅलिस, आल्बा, मलेशिया-फिलिपिन्स ते न्यू गिनीकडची रुम्फियाना आणि उत्तर ऑस्ट्रेलियातली इंटेग्रा. पश्चिमेकडच्या गटात तीन: जर्मिनान्स अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर आणि पश्चिम आफ्रिकेत, शौएरियाना दक्षिण अमेरिकेच्या अटलांटिक बाजूला, मुख्यतः ब्राझीलमध्ये, आणि बायकलर मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर. नैसर्गिकरीत्या दोन्ही गटांत समान अशी एकही जात नाही.

याचा रोजच्या कामात उपयोग असा: मोबाइलच्या ॲपनं वाशीच्या झाडाला जर्मिनान्स म्हटलं तर ते नाव तिथल्या तिथे खोडायचं. ॲप फोटो जुळवतं, पसारा पाहतंच असं नाही. इथे निवड तीन जातींतूनच करायची.

या तिघींत मरीना सगळ्यांत दूर पसरलेली. पूर्व आफ्रिका, तांबडा समुद्र, इराणचं आखात, कच्छपासून सुंदरबनपर्यंत आपला किनारा, आग्नेय आशिया, आणि दक्षिणेला थेट ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया आणि न्यूझीलंडचं उत्तर बेट. जगातली सगळ्यांत दक्षिणेकडची खारफुटी तिचीच. एवढा पल्ला गाठता आला कारण तिला समुद्राहून खारट पाणी सोसतं आणि थंडीही सोसते. ऑफिसिनॅलिस आणि आल्बा मात्र भारतापासून आग्नेय आशिया आणि न्यू गिनीपर्यंतच्या उष्ण, दमट पट्ट्यात राहतात. ऑफिसिनॅलिसला नदीचं गोडं पाणी मिसळलेलं ठिकाण अधिक मानवतं.

हाच नियम घराजवळ लावा. मिठागरांलगत, पाणी कोंडून खारटपणा चढणाऱ्या खाजणात मरीनाच सापडणार, आणि तीही खुजी. ऑफिसिनॅलिस शोधायची असेल तर घोडबंदरच्या बाजूला, कोलशेत ते गायमुख, जिथे उल्हास नदीचं पाणी येतं, तिकडे आधी बघा.

'नैसर्गिक पसारा' लिहिताना लावलेली झाडं वगळायची. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या मिशन बे भागात १९६० च्या दशकात मरीना लावली गेली होती आणि ती तिथे रुजलीही, म्हणून तिचा नैसर्गिक पसारा अमेरिकेत जात नाही. आपल्याकडेही रोपवाटिकेतली तिवरं ओसाड पट्ट्यांवर लावली जातात. सरळ रांगा, सारखं अंतर, सारखी उंची दिसली की 'लावलेलं' असं लिहा. तसंच भरतीबरोबर वाहत आलेलं फळ म्हणजे त्या जागी ती जात आहे असा पुरावा नव्हे. फळं पाण्यावर तरंगत दूर जातात. रुजलेलं झाड दिसेपर्यंत ती जात तिथल्या यादीत घालू नका.

हमखास चुकतं ते

उंचीवरून जात ठरवणं. एकाच बांधाच्या खाडीकडच्या अंगाला ८-१० मीटरचं झाड आणि आतल्या अंगाला कमरेएवढं झुडूप, दोन्ही मरीनाच असू शकतात. आत भरतीचं पाणी रोज पोचत नाही, ऊन मीठ साठवतं आणि झाड खुजं राहतं.

सावलीतलं पान मोठं, रुंद आणि खालून कमी पांढरं होतं. म्हणून पान नेहमी उन्हातल्या फांदीवरचं, टोकापासून तिसऱ्या-चौथ्या जोडीचं बघा. रस्त्याच्या कडेच्या झाडांवर धूळ बसते, तिथे पानाच्या रंगावर विसंबू नका.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऐरोली-ठाण्याकडची तिवरं कधी कधी करपल्यासारखी दिसतात, पानांच्या नुसत्या शिरा उरतात. कोणी विष टाकलं असावं अशी शंका लगेच येते. बहुतेक वेळा ते हायब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळीचं काम असतं. हीच अळी सागाची पानं खाते, आणि साग आणि तिवर एकेकाळी एकाच कुलात मानले जायचे, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. काही आठवड्यांत नवी पालवी येते. त्या काळात पानावरून काहीही ठरवू नका, साल आणि उरलेली फळं बघा. मात्र पालवी आलीच नाही, किंवा मुळांवर भराव पडलेला दिसला, किंवा भरतीचं पाणी आत येणारी वाट बुजवलेली दिसली, तर कारण वेगळं आहे. तेव्हा तारीख-ठिकाणासह फोटो काढून वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा. श्वसनमुळं गाळाखाली किंवा साचलेल्या पाण्याखाली कायमची बुडाली की झाड गुदमरून मरतं.

नोंद कशी लिहायची

प्रत्येक झाडाचे सहा फोटो: पूर्ण झाड, छातीच्या उंचीवरची साल, श्वसनमुळं, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, आणि पट्टीशेजारी फळ किंवा फूल. पानाची खालची बाजू विसरली जाते आणि नंतर तीच लागते. नोंदीची ओळ या नमुन्यासारखी असावी:

ॲव्हिसेनिया मरीना, ॲकँथेसी. ऐरोली, दिवा गावाजवळ, बांधाची खाडीकडची बाजू. ऑगस्टचा दुसरा आठवडा, ओहोटी. उंची अंदाजे ४ मीटर. फळ १.८ सेंमी, गोलसर, चोच नाही. साल फिकट, पापुद्रे सुटणारी. आपसूक उगवलेलं. ओळख कशावरून: फळ आणि साल.

शेवटचा रकाना गाळू नका. पुढे कोणी तपासायला बसलं तर जात कशावरून ठरवली हेच त्याला आधी हवं असतं. शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहिणार असाल तर तिरक्या अक्षरांत, प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान. नोंद आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल अशा निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकता येते. आयनॅचरलिस्टवर लावलेल्या झाडासाठी वेगळी खूण असते, ती करा.

ज्या झाडांपुढे 'जात अनिश्चित' लिहिलंय त्यांचं जीपीएस ठिकाण वेगळ्या पानावर उतरवून ठेवा. उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या सुमारास, तिथे कळ्या-फुलं पाहायला जा, आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये, पाऊस उघडलेला दिवस धरून, फळांसाठी. अळी लागण्याआधीची ही फेरी चुकली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावं लागतं.